सगळे ‘छान’ म्हणाले

मी एक जुनी खुर्ची आहे. लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. चार लाकडी पायांची, ओढली की कुरकुरणारी, पाहुणे आले की आतून आणायची, तसली खुर्ची मी नव्हे. मी केस कापायच्या दुकानातली खुर्ची आहे. मला पाय एकच, पण तो बिडाचा. मी गोल फिरते, खाली-वर होते, मागे कलते, आणि बसणारा कितीही वजनदार असला तरी हूं की चूं करत नाही. निदान पूर्वी करत नसे. आता माझ्या पायातून तेल गळतं आणि कोणी बसलं की मी आपोआप खाली खाली जाते. सध्या माझा मुक्काम दुकानाच्या मागच्या बोळात आहे, झाडू आणि पाण्याच्या पिंपाच्या मध्ये. गोष्ट माझी आहे, पण तिच्यातलं दुःख माझं नाही. माझं काय, मी लोखंड आहे. दुःख एका माणसाचं आहे आणि ते त्याला चांगल्या माणसांनी दिलं. म्हणूनच मला अजून राग येतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तापलेलं बीड साच्यात ओतून माझा पाय केला, हातांवर पांढरा चकचकीत मुलामा चढवला आणि हिरव्या रेक्झिनची गादी ठोकली. गोणपाटात गुंडाळून मला मालगाडीत चढवलं तेव्हा मला वाटलं, आपण एखाद्या राजाच्या दरबारात निघालो. उतरले ती एका छोट्या दुकानात. समोर आरसा, खाली फरशी, भिंतीला वस्तरा घासायचा चामडी पट्टा. पण ज्यांनी मला आणलं त्यांनी माझ्यावर असा हात फिरवला की दरबाराची आठवण गेली.

त्यांना सगळे उस्ताद म्हणत. कुस्तीतले नव्हे, गाण्यातले नव्हे, कात्रीतले उस्ताद. गिऱ्हाईक बसलं की ते त्याच्या मागे उभे राहत, दोन्ही कानांवर तळहात ठेवून डोकं सरळ करत आणि आरशात बघून विचारत, “नेहमीसारखं?” मग कात्री सुरू व्हायची. तिचा आवाज इतका सारखा असायचा की बसलेला माणूस दोन मिनिटांत घोरायला लागे. लहान मुलं यायची, तेव्हा माझ्या दोन हातांवर आडवी फळी टाकून त्यांना वर बसवायचे. ती मुलं भोकाड पसरायची, माझ्या मुलाम्यावर नखं ओढायची. थोड्या वर्षांनी तीच मुलं मिसरूड कोरून घ्यायला यायची आणि मोठ्या माणसासारखा आवाज काढायची. मला हसू यायचं.

दुकानात खुर्च्या दोन. मी उस्तादांची आणि दुसरी त्यांच्या धाकट्या भावाची. ती माझ्या डाव्या अंगाला होती, अगदी हाताच्या अंतरावर. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका वर्षी उस्तादांचं डोकं दुखायला लागलं. आधी त्यांनी चहावर ढकललं, मग चष्म्यावर. मग ते चालताना डाव्या खांद्यानं दाराची चौकट घासू लागले. माझ्या पावदानाला त्यांचा डावा पाय रोज अडखळायचा आणि ते मलाच दोन शब्द सुनवायचे. एक दिवस ते घरून आले ते अर्धीच दाढी करून. गिऱ्हाइकांना वाटलं, उस्ताद थट्टा करताहेत. पोस्टमन तर पोट धरधरून हसला. हा पोस्टमन आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. उस्तादांशिवाय दुसऱ्या कोणाच्या कात्रीखाली मान दिली नव्हती त्यानं. त्याच आठवड्यात उस्ताद एका माणसाच्या मानेवर वस्तरा चालवत असताना थांबले, वस्तरा खाली ठेवला आणि फेफरं येऊन माझ्या पायाशी कोसळले. वस्तरा आधी खाली ठेवला, मित्रांनो. हे मी आजही सगळ्यांना सांगते, म्हणजे सांगता आलं असतं तर सांगितलं असतं.

मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ निघाली. गाठ साधी नव्हती, कॅन्सरची होती. तो शब्द दुकानात कोणी मोठ्यानं उच्चारत नसे. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन झालं. कितीतरी दिवस माझ्यावर कापड झाकलेलं होतं. उस्ताद परत आले तेव्हा डोक्यावर टोपी होती आणि टोपीखाली एक लांब वळणदार व्रण. डॉक्टर म्हणाले, गाठ काढली, तपासण्या चांगल्या आहेत. धाकट्यानं दुकानात पेढे वाटावेत तशी ही बातमी वाटली. सगळ्यांना वाटलं, संपलं. खरं तर तिथून पुढे सुरू झालं.

उस्तादांचं जग अर्धं झालं होतं. ताटातलं उजव्या बाजूचं संपवायचे आणि डावीकडचं तसंच ठेवून हात धुवायचे. सदऱ्याची उजवी बाही घालायचे, डावी लोंबत. आणि घरच्या कोणाचं डोकं समोर आलं की उजवा अर्धा भाग असा सुरेख कापायचे की बघत राहावं. डावा अर्धा जसाच्या तसा. मग हात झटकून म्हणायचे, “झालं.” त्यांना खरंच वाटायचं, झालं. आरशाचाही उपयोग नव्हता, कारण आरशातली डावी बाजूही त्यांना दिसत नसे.

रुग्णालयात अशा माणसांना पुन्हा शिकवायचा एक विभाग असतो. तिथल्या एक बाई आमच्या दुकानात यायला लागल्या. मी त्यांना सरावाच्या बाई म्हणते. उंच, सडपातळ, आणि बोलायला मिरची. कागदावरचे चांदण्या खोडायचे खेळ रुग्णालयात झाले, आता जिथे काम करायचं तिथेच सराव, असं त्यांचं म्हणणं. पहिल्याच दिवशी त्यांनी धाकट्याला आणि वहिनींना, म्हणजे उस्तादांच्या बायकोला, बाजूला उभं केलं.

“त्यांचे डोळे चांगले आहेत,” बाई म्हणाल्या. “पण डावीकडेही काही असतं हे मेंदू विसरतो. आणि आपण विसरलो हेसुद्धा त्याला कळत नाही. ते तुम्ही सांगायचं.”

“म्हणजे सारखं चुकलं, चुकलं म्हणायचं?” वहिनींचा आवाज चढला. “आधीच काय कमी सोसलंय त्यांनी?”

“सारखं म्हणायचं. प्रेमानं म्हणा, पण म्हणा. चूक कळलीच नाही तर ते सुधारतील कसे?”

मग बाईंनी माझ्या डाव्या हाताला लालभडक फीत बांधली. नियम एकच. आधी डाव्या हातानं फीत शोधायची, तिथून गिऱ्हाइकाचा डावा कान, तिथून कात्री सुरू. शेवटी पुन्हा फीत, पुन्हा कान, आणि दोन्ही बाजूंना बोटं फिरवून बघायची. म्हातारपणी माझ्या हाताला फीत! मी जरा नटल्यासारखी झाले होते, खोटं कशाला बोलू.

सराव सुरू झाला तो एका प्लॅस्टिकच्या डोक्यावर, मग धाकट्याच्या डोक्यावर. त्या काळात धाकट्याचे केस कधीच धड नसत. बाई शेजारी उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, “झालं?” उस्ताद म्हणायचे, “झालं.” बाई म्हणायच्या, “फितीपासून बोटं फिरवा.” उस्ताद बोटं फिरवायचे आणि डाव्या कानावरचं न कापलेलं जंगल हाताला लागलं की स्वतःलाच अशी शिवी हासडायचे की बाई खिडकीबाहेर बघायच्या. मग पुन्हा. उस्तादांच्या नाकी नऊ यायचे, घाम फुटायचा, एकदा तर त्यांनी कंगवा आरशावर फेकला. पण त्या शिव्या कामाला येत होत्या. कात्री रोज थोडी थोडी डावीकडे सरकत होती. एक दिवस ती आपणहून डाव्या कानाच्या मागे पोहोचली आणि बाई पहिल्यांदा हसल्या. “हे बरोबर,” एवढंच म्हणाल्या. उस्ताद त्या दिवशी घरी जाताना शीळ घालत गेले. दुकान परत चालवायचं, गिऱ्हाइकांना आपल्या हाताखाली पुन्हा झोपवायचं, याशिवाय त्यांना काही नको होतं.

आणि मग पोस्टमन आला.

त्याच्या मनात खोट नव्हती. “उस्ताद, आज तुमच्याच हातून,” असं म्हणून तो माझ्यात बसला. खरं गिऱ्हाईक बघून उस्ताद इतके हरखले की फीत राहिली, कान राहिला, सगळं राहिलं. कात्री उजवीकडेच गात बसली. पोस्टमननं आरशात बघितलं. एका बाजूनं तो नवरदेव आणि दुसऱ्या बाजूनं झाडू. उस्ताद मागे उभे, डोळ्यांत प्राण आणून.

“कसं झालंय?”

पोस्टमननं अंगावरचे केस झटकले. तो म्हणाला, “छान झालंय, उस्ताद. पूर्वीसारखंच.”

उस्तादांच्या डोळ्यांत पाणी आलं. धाकट्यानं तोंड फिरवलं. मला बोलता आलं असतं तर त्या क्षणी मी पोस्टमनला गादीवरून उधळून दिलं असतं. पण मी मुकी.

धाकट्यानं काय केलं, तर पोस्टमनला खूण केली, आपल्या खुर्चीत बसवलं आणि गुपचूप डावी बाजू कापून दिली. उस्तादांच्या डाव्या अंगाला, हाताच्या अंतरावर. उस्तादांना काही दिसलं नाही. दिसणारच नव्हतं. त्यांच्या दुखण्याचाच आडोसा घेतला होता या लोकांनी.

त्या दिवसापासून रीतच पडली. गिऱ्हाईक माझ्यात बसे, अर्धं डोकं कापून घेई, ‘छान’ म्हणे, उठे, आणि शेजारच्या खुर्चीत बसून उरलेलं उरकून घेई. कात्रीचा आवाज उस्तादांना ऐकू यायचा, पण धाकट्याच्या खुर्चीतून कात्रीचा आवाज येणारच की! लोक एकमेकांकडे बघून मान हलवायचे, जणू काही पुण्य पदरात पडलंय. बाहेर गेल्यावर सांगायचे, “जाऊन या, त्या बिचाऱ्याला बरं वाटतं.” गावभर आमच्या दुकानाचा चांगुलपणा पसरला. घरी वहिनींनीही तेच आरंभलं होतं. जेवताना ताट अर्धं झालं की त्या ते हळूच फिरवायच्या, म्हणजे डावीकडचं उजवीकडे येई. बाईंनी सांगितलं होतं, ताटाची डावी कड त्यांना बोटानं शोधू द्या. “मग काय माणसाला अर्धपोटी उठवू?” त्या दुकानात येऊन धाकट्याला म्हणाल्या. प्रेमाला उत्तर नसतं, म्हणून तर ते इतकं नुकसान करू शकतं.

उस्तादांना वाटायला लागलं, आपण बरे झालो. का वाटू नये? सगळे छान म्हणत होते. एकदा सकाळी त्यांनी माझ्या हाताला चाचपडून ती फीत सोडली. “कशाला हे लहान पोरांचं खेळणं,” म्हणाले, “गिऱ्हाइकं हसतात.” गिऱ्हाइकं हसत नव्हती, पण ते असो. मग त्यांनी रुग्णालयातही जाणं सोडलं. बाईंनी धाकट्याला फोन केला, तेव्हा तो माझ्या पाठीला टेकूनच बोलत होता. “दादा एकदम ठणठणीत आहे, बाई. दिवसभर गिऱ्हाइकं करतो. सगळे खूश आहेत.” शब्द तर एकही खोटा नव्हता!

बाई मात्र फोनवर विश्वास ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. एका रविवारी दुकान भरलेलं असताना त्या काचेच्या दाराबाहेर येऊन उभ्या राहिल्या. आत उस्तादांनी नुकतंच पोस्टमनला उठवलं होतं, आणि पोस्टमन धाकट्याच्या खुर्चीत बसून उरलेलं अर्धं कापून घेत होता. बाईंनी ते बघितलं. दार उघडलं. कोणाकडेही न बघता सरळ उस्तादांपाशी गेल्या.

“उस्ताद, डावीकडे वळा.”

उस्ताद हसले. “या या, बाई. बघा आता कसं चाललंय.”

“डावीकडे वळा. अजून. पूर्ण वळा. माझा हात दिसेपर्यंत.”

उस्ताद वळत गेले. बाईंच्या हातापर्यंत पोहोचले आणि हाताच्या पलीकडे त्यांना पोस्टमन दिसला. गळ्याभोवती कापड. धाकट्याची कात्री त्याच्या डाव्या कानाशी अधांतरी.

“यांचे केस मी कापले ना आत्ता?” उस्तादांनी विचारलं.

“दादा, जरा फिनिशिंग...” धाकटा पुटपुटला.

“यांचंच की सगळ्यांचं?”

वाट बघत बसलेली माणसं जमिनीवरचे केस मोजायला लागली.

“उस्ताद,” पोस्टमन म्हणाला, “तुमचं मन मोडायला नको, म्हणून आम्ही...”

“माझं मन कशाला सांभाळत बसलात हो? दुखणं डोक्याचं होतं.”

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कात्री पुसली, खणात ठेवली आणि ते माझ्यात येऊन बसले, स्वतः. इतक्या वर्षांत माझ्यात ते पहिल्यांदाच बसले होते. लोक एकेक करून निघून गेले. जाताना कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच कोणी ‘छान’ म्हटलं नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, फक्त कापणाऱ्यांना आपण उपकार करतोय असं वाटत होतं.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, उस्ताद इथे खचले. नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः फीत घेऊन आले आणि धाकट्याला म्हणाले, “बांध.” बाई पुन्हा यायला लागल्या. जे हाताशी आलं होतं ते सगळं विस्कटलं होतं, पहिल्यापासून सुरुवात. प्लॅस्टिकचं डोकं, धाकट्याचं डोकं, शिव्या, घाम. वहिनींनी ताट फिरवणं थांबवलं. उस्ताद ताटाची डावी कड शोधत बसायचे आणि त्या स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून उभ्या राहायच्या, असं धाकटा बाईंना सांगत होता. आणि हळूहळू, अगदी गोगलगाईच्या पावलानं, पण उस्तादांची कात्री पोहोचली. डाव्या कानाच्या मागे, मानेपर्यंत, कल्ल्यापर्यंत. दोन्ही बाजू सारख्या. मी शेकडो डोकी जवळून बघितलेली खुर्ची आहे, मला कळतं. ते काम पूर्वीच्या उस्तादांचं होतं.

पोस्टमन आला. लाजत, पण आला. उस्तादांनी फीत धरली, कान धरला, कापलं, बोटं फिरवली. पूर्ण झालं होतं. पोस्टमननं आरशात बघितलं आणि त्याचा चेहरा फुलला. “उस्ताद! छान झालंय!”

उस्तादांनी त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्यांनी पुन्हा फीत धरली आणि डावीकडे पुन्हा कात्री लावली.

“दादा, अरे झालंय ते,” धाकटा म्हणाला. “या वेळी खरंच झालंय. दोन्हीकडे सारखं आहे.”

“हं,” उस्ताद म्हणाले आणि कापत राहिले.

“आईशप्पथ, उस्ताद!” पोस्टमन हात जोडायला लागला. “थांबा आता. खोटं नाही बोलत मी.”

पण त्यानं हेच शब्द हाच चेहरा करून पूर्वीही म्हटले होते. उस्तादांनी डावी बाजू कापली, चाचपली, पुन्हा कापली, इतकी की ती उजवीपेक्षा आखूड झाली, कातडी दिसायला लागली. धाकट्यानं शेवटी त्यांचा हात धरला. त्या दिवशी पोस्टमन खरोखरच अर्ध्या डोक्यानं घरी गेला.

मग रोज तेच. काम बरोबर व्हायचं आणि उस्तादांच्या हातूनच पुन्हा बिघडायचं. बोटांना कळत होतं, पण बोटांवर भरवसा ठेवायला कोणाचा तरी खरा शब्द लागतो. बाई आल्या की सगळं सुरळीत. त्या “बरोबर” म्हणाल्या की उस्ताद कात्री खाली ठेवायचे, कारण चुकलं तेव्हा तोंडावर चुकलं म्हणणाऱ्या त्याच एकट्या होत्या. पण बाईंना रुग्णालयात आणखी माणसं होती, आपापलं अर्धं जग घेऊन बसलेली. त्या दुकानात किती दिवस उभ्या राहणार? गिऱ्हाइकं पांगली. एका दुपारी उस्तादांनी आपणच कात्र्या, वस्तरे, कंगवे धाकट्याच्या खणात ठेवले आणि म्हणाले, “तू चालव.” धाकटा रडला. उस्तादांनी त्याची समजूत काढली नाही.

माझ्या जागी फुगीर काळ्या गादीची नवी खुर्ची आली आणि मी बोळात आले. उस्ताद अधूनमधून येऊन माझ्यात बसतात. मी त्यांच्या वजनानं खाली खाली जाते. दाराशी येणारे-जाणारे आवाज देतात, “उस्ताद, तब्येत छान दिसते हं!” ते उत्तर देत नाहीत. त्यांचा आजार गेला, त्यांचे हात शिकले, डावी बाजूही जवळजवळ परत आली. फक्त कोणाचाही शब्द खरा वाटणं तेवढं गेलं, आणि ते शिकवणारा विभाग कुठल्याच रुग्णालयात नाही.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी मागायची पद्धत असते. मला तेल घाला, नवी गादी बसवा, असं मी मागणार नाही. माझं झालं ते झालं. पण कधीतरी तुमच्या घरातलं कोणी मोठ्या आजारातून उठेल. सदऱ्याची गुंडी लावेल, चार ओळी लिहील, चहा करेल, आणि तुमच्याकडे बघून विचारेल, “कसं झालंय?” तेव्हा तुमच्या जिभेवर ‘छान’ येईल, अगदी मायेनं येईल. तो शब्द गिळा. आधी नीट बघा. चुकलं असेल तर चुकलं म्हणा आणि ते दुसऱ्यांदा, दहाव्यांदा करेपर्यंत तिथेच बसून राहा. तेवढा धीर तुमच्यात नसेल, तर कृपा करून त्यांच्या खुर्चीत बसूच नका.